मुख्य गेम संपला, आता पुढची गोष्ट: कथेची डीएलसी पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

घरात पीएस फाइव्ह आला किंवा बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डचा पीसी जोडून घेतला, की पहिले दोन-तीन मोठे गेम भराभर खेळून होतात. मग स्टोअरमध्ये त्याच गेमच्या खाली आणखी काही नावं दिसायला लागतात. एक्स्पान्शन, सीझन पास, डिलक्स अपग्रेड, कम्प्लीट एडिशन. यातलं काय घ्यायचं, कधी घ्यायचं, आणि घेतल्यावर गेममध्ये ते सापडतं कुठे, हे प्रश्न नव्या खेळाडूंकडून मला सतत येतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. कथेचं चांगलं एक्स्पान्शन, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेली मोठी कथा, हा पुष्कळदा त्या गेमचा सर्वांत सुंदर भाग असतो. मूळ गेम बनवताना टीम इंजिनशी झगडत असते, पात्रं चाचपडत घडत असतात, आणि खेळाडूला ते जग समजावून सांगण्यात बराच वेळ जातो. एक्स्पान्शनपर्यंत लेखकांचा हात बसलेला असतो आणि खेळाडूलाही सगळं ठाऊक असतं. कीर्तनात पूर्वरंगातल्या निरूपणानं मन तयार झालं की उत्तररंगातलं आख्यान थेट भिडतं, तसं इथे होतं. पण उशिरा येऊन मधूनच आख्यान ऐकायला बसलं तर निम्मं निसटतं. म्हणून कोणत्या टप्प्यावर आत शिरायचं, हे ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. खालच्या पायऱ्यांमध्ये पाचवी पायरी त्यामुळेच लांबली आहे.

पायरी १: कथा कोणती आणि सजावट कोणती, ते ओळखा

डीएलसी म्हणजे नंतर डाउनलोड करायचा कोणताही जोडभाग. त्यात वीस तासांची कादंबरीसारखी कथाही येते आणि तलवारीचा नवा रंगही. या दोन टोकांचं उत्तम उदाहरण एकाच गेममध्ये सापडतं. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’साठी घोड्याचं चिलखत एक्सबॉक्सवर अडीच डॉलरला विकायला काढलं, आणि जगभरचे खेळाडू चिडले. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, त्याच गेमला ‘शिव्हरिंग आइल्स’ नावाचं एक्स्पान्शन आलं. वेडाच्या देवाचं एक अख्खं राज्य, नवी माणसं, नवी कथा. ते आजही लोक प्रेमानं आठवतात. दुकान तेच, गेम तोच, पण दोन्ही वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक.

स्टोअरमधलं वर्णन वाचताना तीन गोष्टी शोधा. नवा प्रदेश आहे का, नव्या पात्रांची नावं दिली आहेत का, आणि मुख्य कथेच्या कोणत्या भागानंतर ते सुरू होतं हे सांगितलं आहे का. तिन्ही असतील तर ती कथेची डीएलसी. ‘स्किन’, ‘पॅक’, ‘बूस्टर’, ‘करन्सी’ असे शब्द दिसले तर कथेच्या आशेनं पैसे घालवू नका. ‘सीझन पास’मध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, त्यामुळे आत काय काय आहे त्याची यादी उघडून वाचल्याशिवाय तो घ्यायचा नाही.

आणखी एक सांगायला हवं, कारण हा प्रश्न मुंबईत फार विचारला जातो. ‘जीटीए फाइव्ह’ला एकट्यानं खेळायची एकही कथा-डीएलसी निघालेली नाही. ‘जीटीए फाइव्हची नवी स्टोरी’ म्हणून पेन ड्राइव्हवर जे फिरतं ते हौशी लोकांनी केलेले मॉड, म्हणजे मूळ गेममधले फेरफार, असतात. त्या मालिकेत कथा-डीएलसीच खेळायची असेल तर ‘जीटीए फोर’कडे जा. २००९ मध्ये त्याला ‘द लॉस्ट अँड डॅम्ड’ आणि ‘द बॅलड ऑफ गे टोनी’ अशा दोन कथा जोडल्या गेल्या. शहर तेच, नायक तीन, आणि हिऱ्यांच्या एका व्यवहारात तिघांच्या वाटा एकमेकांना छेदतात. मूळ कथेत एका कोपऱ्यातून पाहिलेला प्रसंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी पुन्हा पाहायला मिळतो. पीसीवरच्या कम्प्लीट एडिशनमध्ये तिन्ही एकत्र मिळतात.

पायरी २: पहिली कथा निवडा

निवडताना आवडीच्या आधी वेळेचा विचार करा. नोकरी करून, लोकलनं बोरिवली किंवा ठाण्याला परतून, जेवून झाल्यावर हातात उरतो तास-दीड तास. हॉलमधला टीव्ही रात्री साडेनऊपर्यंत आई-बाबांचा. अशा घरात वीस तासांची कथा महिनाभर चालते. ती चालू द्यायला हरकत नाही, पण सुरुवात लहान गोष्टीनं करा.

सर्वांत लहान आणि माझी अत्यंत आवडती म्हणजे ‘द लास्ट ऑफ अस’ची ‘लेफ्ट बिहाइंड’. ती १४ फेब्रुवारी २०१४ ला आली. दोन-तीन तासांत, म्हणजे शनिवार-रविवारच्या दोन रात्रींत, आरामात संपते. एली आणि तिची मैत्रीण रायली यांची एका ओस पडलेल्या मॉलमधली ती भेट मूळ गेमला मागे जाऊन अर्थ देते. यात मारामारी फार थोडी आहे. नव्या खेळाडूंनी त्यासाठीच ती खेळावी, कारण गेममधली कथा बंदुकीशिवायही पुढे जाते हे त्यातून कळतं.

मध्यम लांबीत ‘विचर ३’ची ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, साधारण दहा तासांची. लांब खेळायची तयारी असेल तर त्याच गेमची ‘ब्लड अँड वाइन’, ‘सायबरपंक २०७७’ची ‘फँटम लिबर्टी’ किंवा ‘एल्डन रिंग’ची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’. शेवटचं नाव मात्र पहिल्यांदाच खेळणाऱ्यानं निवडू नये. का, ते पुढे येईलच.

मूळ मोठा गेम अजून खेळलाच नसेल तर? त्याचंही उत्तर आहे. काही कथा डीएलसी म्हणून सुरू झाल्या आणि वाढत वाढत स्वतंत्र गेम बनल्या. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ त्यातलीच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ती आली. मूळ गेम नसला तरी ती चालते. नायिका क्लोई फ्रेझर, जिचे वडील भारतीय. ती शोधत असते गणेशाचा दात, आणि कथेचा मोठा भाग घडतो पश्चिम घाटात. होयसळांच्या बेलूर आणि हळेबीडूची नावं गेममध्ये येतात, पण पडद्यावरच्या त्या नगरी काल्पनिक आहेत. पावसाळ्यात घाटात ट्रेक केलेल्या माणसाला तो हिरवा रंग, ते धबधबे, दगडी पायऱ्यांवरून उतरणारं पाणी पाहताना जो आनंद होतो, तो परदेशी खेळाडूला होत नसणार. सात-आठ तासांची कथा आहे. पीएस फोर, पीएस फाइव्ह आणि पीसी, तिन्हीवर मिळते.

वयाचं भान ठेवा. ‘विचर ३’, ‘सायबरपंक’ आणि ‘द लास्ट ऑफ अस’ हे तिन्ही १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला ते देऊ नका.

पायरी ३: विकत घेताना

डिजिटल खरेदीत पहिला नियम असा की डीएलसी त्याच दुकानातून घ्यायची जिथून मूळ गेम घेतला. पीसीवरच्या एपिक या दुकानात फुकट मिळालेल्या गेमला स्टीम या दुसऱ्या दुकानातून घेतलेली डीएलसी लागत नाही. एक्सबॉक्सवर गेम पास या वर्गणीच्या सोयीतून मूळ गेम खेळत असाल तर डीएलसी बहुधा वेगळी विकत घ्यावी लागते. उद्या तो गेम पासमधून निघाला तर डीएलसी तुमच्या नावावर राहते, पण मूळ गेम विकत घेईपर्यंत चालत नाही. गेम पासवर खेळत असाल तर डीएलसी घेतल्यावर ती लगेच संपवायचं ठरवा.

स्टीमवर रुपयांत किमती दिसतात आणि यूपीआयनं पैसे भरता येतात. डीएलसी परत करायची असेल तर खरेदीपासून १४ दिवसांत, आणि डीएलसी घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांहून कमी खेळलेला असेल तरच पैसे मिळतात. हे लक्षात ठेवा, कारण विकत घेऊन आधी जुनी राहिलेली मिशनं खेळत बसलात तर ते दोन तास तिथेच उडतात. जीओजी या पीसीच्या आणखी एका दुकानात ३० दिवसांची मुदत आहे. ‘विचर’ आणि ‘सायबरपंक’ पीसीवर खेळणाऱ्यांनी तिथली किंमतही पाहून घ्यावी. सेलची वाट पाहणं या बाबतीत खरंच फायद्याचं ठरतं. जुनी एक्स्पान्शन उन्हाळी आणि डिसेंबरच्या सेलमध्ये मोठ्या सवलतीत येतात, आणि कथा शिळी होत नाही.

आता डिस्कबद्दल. मुंबईत पीएस फोर आणि पीएस फाइव्हच्या सेकंड-हँड डिस्क घेणारे खूप. ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारायची, जुना गेम देऊन वर थोडे पैसे टाकून दुसरा घ्यायचा, ही इथली जुनी रीत आहे आणि ती मला आवडते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी जा. मात्र डीएलसी खेळायचा विचार असेल तर डिस्क हातात घेऊन दोन गोष्टी तपासा.

पहिली, डिस्क कोणत्या प्रदेशाची आहे. कन्सोल कुठल्याही देशाची डिस्क वाचतो, पण डीएलसी त्या डिस्कच्या प्रदेशाशी जुळावी लागते. नातेवाइकानं अमेरिकेहून आणलेल्या किंवा दुबईहून आलेल्या डिस्कला भारतीय खात्यातून घेतलेली डीएलसी बहुतेक वेळा दिसतच नाही. पैसे जातात, डाउनलोडही होतं, आणि गेम मात्र ‘नाही’ म्हणतो. पीएस फोरच्या डिस्कवर ‘सीयूएसए’नं सुरू होणारा आकडा असतो, पीएस फाइव्हच्या डिस्कवर ‘पीपीएसए’नं. प्रदेशानुसार तो बदलतो. भारतात अधिकृत विकलेल्या डिस्कचा आकडा कोणता, ते मित्राच्या डिस्कवरून पडताळून घ्या.

दुसरी गोष्ट ‘कम्प्लीट’ किंवा ‘डिलक्स’ असं छापलेल्या खोक्याची. काही गेममध्ये एक्स्पान्शन डिस्कवरच असतं, काहींत आत एका चिठ्ठीवर कोड असतो. कोड एकदाच चालतो. सेकंड-हँड खोक्यातला कोड आधीच्या मालकानं वापरलेला असणार हे गृहीत धरा. दुकानदाराला सरळ विचारा, ‘भाऊ, डीएलसी डिस्कवर आहे की कोडवर?’ चांगल्या दुकानदाराला हे माहीत असतं.

डिस्क विकण्याआधीही विचार करा. डीएलसी खात्यावर राहते, पण डिस्क गेली की ती नुसती पडून राहते.

क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या, गेमला डीएलसी जोडायचा खटाटोप करू नका. आवृत्त्या जुळत नाहीत, सेव्ह बिघडतात, आणि ज्यांनी ही कथा घडवली त्यांना काहीच मिळत नाही. सेलपर्यंत थांबणं परवडतं.

पायरी ४: डाउनलोड आणि जागा

याला फार शब्द नकोत. ५० एमबीपीएसच्या लाइनवर ३० जीबी उतरायला साधारण ८० मिनिटं लागतात, तीही लाइन पूर्ण वेगानं चालली तर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजच्या डेटाची मर्यादा असेल तर रात्री लावून झोपू नका, अर्ध्यात अडकेल. सुरुवातीच्या पीएस फाइव्हमध्ये ८२५ जीबीपैकी ६६७ जीबीच वापरता येतात, तेव्हा आधी जागा करून घ्या. मूळ गेम ताज्या आवृत्तीवर आणा, मग डीएलसी उतरवा. स्टीमवर गेमच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या डीएलसीच्या यादीत खूण आहे ना, ते बघा. पुष्कळ वेळा ‘विकत घेतलं पण दिसत नाही’ या तक्रारीचं कारण ती न केलेली खूण असते.

यंत्र कोणतं तेही तपासा. ‘फँटम लिबर्टी’ पीएस फोर आणि एक्सबॉक्स वनवर नाहीच. ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ पीएस फोरवर चालतो, पण त्याची ‘बर्निंग शोअर्स’ पीएस फाइव्ह आणि पीसीवरच. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ची ‘इकी’ बेटाची कथा वेगळी विकत मिळत नाही, ती ‘डायरेक्टर्स कट’मध्येच येते. साधा पीएस फोरचा गेम असेल तर अपग्रेड घ्यावा लागेल.

पायरी ५: सेव्ह जपा आणि योग्य दारातून आत जा

आधी सेव्ह. ज्या गेममध्ये स्वतः सेव्ह करता येतं तिथे डीएलसी सुरू करण्याआधी एक वेगळा सेव्ह करून ठेवा आणि त्यावर पुन्हा काही लिहू नका. पीएस फोरवर सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येतो. पीएस फाइव्हच्या गेमचा सेव्ह तसा घेता येत नाही, त्यासाठी प्लेस्टेशन प्लस या वर्गणीतली क्लाउड सोय लागते. ‘एल्डन रिंग’ आपोआप सेव्ह करत राहतो, मागे जायची सोय देत नाही. पीसीवर ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’मध्ये त्याचं फोल्डर असतं, ते उचलून दुसरीकडे ठेवा. जून ते सप्टेंबर पीसीला यूपीएस जोडलेला असू द्या. सेव्ह होत असताना वीज जाणं हे गेमसाठी सर्वांत वाईट.

आता दारं. प्रत्येक गेमचं दार वेगळं आहे, म्हणून एकेकाचं सांगते.

‘विचर ३’ मे २०१५ चा. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आली आणि ‘ब्लड अँड वाइन’ ३१ मे २०१६ ला. खेळायचाही क्रम हाच ठेवा. डीएलसी बसवली की क्वेस्टच्या यादीत नावं आपोआप दिसतात, आणि नवे खेळाडू उत्साहानं लगेच तिकडे धावतात. थांबा. पहिलीला साधारण ३२ ची लेव्हल लागते, दुसरीला ३४ ची. माझा सल्ला असा की मुख्य कथा, म्हणजे नायक गेराल्टनं घेतलेला त्याच्या मानलेल्या मुलीचा, सिरीचा, शोध, आधी पूर्ण संपवा. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’मध्ये शापित सरदार ओल्गिएर्ड आणि आरशांचा व्यापारी गाँटर ओ’डिम यांच्यातल्या सौद्यात गेराल्ट ओढला जातो. सैतानाशी करार करणाऱ्या पान त्वार्दोव्स्कीच्या पोलिश लोककथेचे धागे त्यात आहेत. या कथेत घाई नाही. गावातल्या लग्नाचा एक लांब प्रसंग आहे, त्यात नाचायचं, खेळायचं, गप्पा मारायच्या. मुलगी हरवलेली असताना हा माणूस लग्नात नाचतोय, असं वाटलं तर सगळी मजा जाते. सिरीची कथा संपलेली असली की तो प्रसंग मनापासून खेळता येतो.

‘ब्लड अँड वाइन’ तर निरोपाची कथा आहे. तुसाँ नावाचा द्राक्षमळ्यांचा दक्षिणेकडचा उन्हाळी प्रांत, सरदारांचे एकामागोमाग होणारे खून, आणि गेराल्टला मिळणारी स्वतःची वाडी. शेवटी त्या वाडीवर भेटायला कोण येतं ते मुख्य कथेतल्या तुमच्या निर्णयांवर ठरतं. मुख्य कथा न संपवता हे खेळणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. या एक्स्पान्शनला २०१६ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचा पुरस्कार मिळाला. एका जोडभागानं स्वतंत्र गेमना मागे टाकावं, याचा मला आजही आनंद वाटतो.

नवा गेम सुरू करताना ‘फक्त एक्स्पान्शन’ असा पर्याय दिसतो. त्यात तयार लेव्हलचा, हत्यारबंद गेराल्ट मिळतो. जुना सेव्ह हरवला असेल किंवा पीएस फोरवर संपवून आता पीसीवर आला असाल तर तो खुशाल वापरा. बाकीच्यांनी टाळा.

‘सायबरपंक’चं दार मध्यभागी आहे. ‘फँटम लिबर्टी’ २६ सप्टेंबर २०२३ ला आली. मुख्य कथेत पॅसिफिका भागातल्या व्हूडू बॉइज टोळीचं प्रकरण पूर्ण झालं की साँगबर्ड नावाच्या बाईचा फोन येतो, तिथून ही कथा सुरू. इथे मुख्य कथा आधी संपवायची नाही. हानाकोला एम्बर्समध्ये भेटायला जायचं मिशन हे परतीचं दार बंद करणारं आहे. त्याआधी डॉगटाउनमध्ये, म्हणजे एक्स्पान्शनच्या नव्या भागात, शिरा, कारण या एक्स्पान्शनमुळे मुख्य गेमला एक नवा शेवट मिळतो. आधीच सगळं संपवलं असेल तरी घाबरू नका, गेम तुम्हाला त्या भेटीच्या आधी आणून सोडतो.

२०२० मध्ये बिघाडांना कंटाळून हा गेम सोडलेले बरेच जण मला माहीत आहेत. त्यांनी एक करावं. २१ सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनं कौशल्यांचं झाडच बदललं आहे, तेव्हा जुन्या सेव्हमध्ये जाऊन आधी सगळे पर्क, म्हणजे त्या झाडावरची कौशल्यं, नव्यानं वाटून घ्या. ॲट्रिब्यूटही, म्हणजे पात्राचे मूळ गुणही, एकदा बदलता येतात. मग ‘फायरस्टार्टर’ नावाचं मिशन येईल. त्यात शिरण्याआधी हातानं सेव्ह करा. तिथे गुप्तहेर सॉलोमन रीडची बाजू घ्यायची की साँगबर्डची हे ठरवावं लागतं आणि पुढची मिशनं पूर्ण वेगळी होतात. रीडची भूमिका इद्रिस एल्बानं केली आहे, आणि फार संयत केली आहे. पहिल्या वेळी मनाला पटेल ती बाजू घ्या, युट्यूबवर आधी शोधू नका. दुसरी बाजू त्याच सेव्हवरून नंतर खेळा, कारण दोन्ही शेवट पाहिल्याशिवाय ही माणसं पूर्ण कळत नाहीत.

‘त्सुशिमा’चं ‘इकी’ बेट दुसऱ्या अंकात पोहोचलं की उघडतं. नायक जिनच्या वडिलांचा मृत्यू या बेटावर झालेला असतो, आणि मुख्य कथा आहे जिन आणि त्याच्या मामांची. वडिलांची जखम आधी कळली तर मामांबरोबरचा शेवटचा अंक जास्त टोचतो. म्हणून दुसऱ्या अंकातच जाऊन या.

‘एल्डन रिंग’चं दार शोधायलाच मेहनत लागते. ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ २१ जून २०२४ ला आली. आधी राडान आणि मोग हे दोन बॉस, म्हणजे मोठे शत्रू, हरवावे लागतात, मग मोगच्याच दालनात कोशातून लोंबणाऱ्या वाळक्या हाताला स्पर्श करायचा. मोग हा मूळ गेममधला अवघड आणि आडवाटेचा बॉस आहे, मुख्य कथा त्याच्याशिवाय संपते. त्यामुळे पैसे भरून दारापर्यंतच न पोहोचलेले खेळाडू पुष्कळ. पहिल्यांदाच डीएलसी घेणाऱ्यानं हे टाळावं असं मी म्हणाले, ते यासाठी. गेम संपवून ‘न्यू गेम प्लस’, म्हणजे त्याच पात्रानं पहिल्यापासून नवा डाव, सुरू केलात तर दोघांना पुन्हा हरवावं लागेल, तेव्हा ते बटण आत्ता दाबू नका.

आत गेल्यावर तुमची मोठी लेव्हल फारशी कामी येत नाही. तिथली ताकद येते ‘स्कॅडूट्री’च्या तुकड्यांतून. ते गोळा करून ग्रेसपाशी, म्हणजे विश्रांतीच्या जागी, वापरले की मार वाढतो आणि लागणारा मार कमी होतो, पण फक्त त्या प्रदेशात. बॉससमोर पुन्हा पुन्हा मरत असाल तर तिथेच डोकं आपटू नका, फिरा, तुकडे शोधा. कथाही त्या फिरण्यातच आहे. हा गेम ती वस्तूंच्या वर्णनांत आणि ओसाड खोल्यांत ठेवतो, संवादांत कमी.

पायरी ६: खेळायला बसताना

मूळ गेम खेळून महिने उलटले असतील तर बोटं विसरलेली असतात. एक्स्पान्शनच्या पहिल्या मिशनवर सराव करू नका, कारण पहिल्या अर्ध्या तासात लेखक सर्वांत जास्त पेरून ठेवतात. जुन्या नकाशावर एक-दोन साधी राहिलेली कामं करा. ‘विचर’मध्ये एखादं राक्षसाचं कंत्राट, ‘सायबरपंक’मध्ये एखादी गिग, म्हणजे छोटं काम. हात आला की आत जा.

पण नकाशावरची सगळी प्रश्नचिन्हं पुसूनच पुढे जायचं, हा हट्ट सोडा. ‘विचर’मधल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात बुडालेली खोकी गोळा करत करत कंटाळून गेम बंद केलेले लोक ‘हार्ट्स ऑफ स्टोन’पर्यंत पोहोचलेच नाहीत. दमछाक मूळ गेममध्ये करून टाकू नका, उत्तम भाग पुढे आहे.

या गेममध्ये मराठी सबटायटल मिळत नाहीत. इंग्रजी सबटायटल चालू करा आणि सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करा, बोलणाऱ्याचं नाव दाखवायचा पर्यायही लावा. पोलिश आणि जपानी नावं डोक्यात राहत नाहीत, तेव्हा वहीत कोण कोणाचं कोण ते मराठीत लिहून ठेवा. महिनाभर तुकड्या-तुकड्यांत खेळणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. गेममधली जर्नल असते, ती बसल्यावर आधी वाचा, मग कंट्रोलरची काठी हलवा. लोकलमध्ये फोनवर चर्चा वाचायची सवय असेल तर डीएलसी संपेपर्यंत त्या गेमच्या नावापासून लांब राहा.

अवघडपणा कमी करायला संकोच नको. कथेसाठी आला आहात, तर लढाई सोपी ठेवून कथा ऐका. ‘एल्डन रिंग’मध्ये तो पर्याय नाही, पण मदतीला आत्मे बोलावता येतात, ते बोलवा.

रात्री दहानंतर चाळीत किंवा वन-बीएचकेत आवाज जातो, म्हणून हेडफोन हवेतच. शिवाय ‘लेफ्ट बिहाइंड’सारख्या कथेत कुजबूज महत्त्वाची आहे, ती टीव्हीच्या स्पीकरवर पंख्याच्या आवाजात हरवते. ताई किंवा दादा शेजारी बसून नुसतं बघणार असतील तर उत्तमच. ‘फायरस्टार्टर’सारखा निर्णय दोघांनी भांडून घ्यावा.

पायरी ७: संपल्यावर

श्रेयनामावली लगेच वगळू नका, काही गेममध्ये तिच्यानंतरही एखादा प्रसंग येतो. ‘ब्लड अँड वाइन’ संपल्यावर वाडीवर परत जा आणि घरात काय बदललं आहे ते बघा. ‘फँटम लिबर्टी’नंतर काही दिवसांनी येणारे फोन आणि निरोप ऐका, नव्या शेवटाकडे जायची वाट तिथूनच कळते, आणि मग एम्बर्सला जा. ‘लेफ्ट बिहाइंड’ संपली असेल तर दुसरा भाग सुरू करायच्या आधी पहिल्याचा शेवटचा तास पुन्हा खेळा, एलीचं तिथलं गप्प राहणं आता वेगळं कळेल.

पुढचं काय घ्यायचं हा प्रश्न उरला असेल आणि खिसा रिकामा असेल, तर ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’च्या मालकांसाठी ‘व्हालहाला’ आहे. १२ डिसेंबर २०२३ ला ती फुकट दिली गेली. नायक क्रेटॉस स्वतःच्या जुन्या पापांसमोर उभा राहतो, आणि मरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं अशी तिची रचना आहे. मुख्य कथा संपवूनच ती सुरू करा. मुख्य मेनूवरून थेट उघडता येते, म्हणून सेव्ह कुठे आहे याची फिकीर करायला लागत नाही.